चार कुलुपे आणि एक हरवलेला जुडगा: मिरजेतील एका घराचे प्रकरण

माझी मावशी ७४ वर्षांची आहे आणि काका गेल्यापासून मिरजेच्या ब्राह्मणपुरीतील जुन्या घरात एकटी राहते. श्रावणातल्या एका शुक्रवारी ती कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेली आणि परतताना मिरजेला उतरण्याच्या गडबडीत तिची कापडी पिशवी बसच्या सीटवरच राहिली. पिशवीत प्रसादाचा नारळ, चष्म्याचे घर, वाटेत भरायचे म्हणून घेतलेले विजेचे बिल आणि चार किल्ल्यांचा जुडगा होता. पैसे आणि मोबाइल हातातल्या पर्समध्ये होते, त्यामुळे थोडक्यात निभावले असे तिला घरापर्यंत वाटत राहिले. दारातल्या कुलपासमोर उभी राहिल्यावर काय झाले आहे ते तिच्या ध्यानात आले. ती रात्र तिने शेजारच्या काकूंकडे काढली आणि मी पुण्याहून पहाटेच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी पोहोचले.

जुडग्यातील चार किल्ल्या अशा: बाहेरच्या दाराच्या कोयंड्यात अडकवलेल्या सात लिव्हरच्या कुलपाची, चौकातून माजघरात जाणाऱ्या दाराच्या लॅचची, लोखंडी कपाटाची आणि बँकेतल्या लॉकरची. चारही कुलुपे वेगवेगळ्या जातीची होती आणि पुढच्या काही दिवसांत प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा निर्णय घ्यावा लागला, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याजोगे वाटले.

किल्ली हरवली की दोन प्रश्न एकदम उभे राहतात आणि आपल्याला बहुधा त्यांतला एकच दिसतो. आत कसे जायचे हा तो दिसणारा प्रश्न. हरवलेली किल्ली आता ज्याच्या हाती असेल त्याला आत येण्यापासून कसे रोखायचे, हा दुसरा प्रश्न दार उघडल्याच्या आनंदात विसरला जातो. मावशीच्या बाबतीत तो विसरून चालणार नव्हते, कारण त्याच पिशवीत विजेचे बिल होते आणि बिलावर नाव आणि पत्ता स्वच्छ छापलेला होता. किल्ली आणि पत्ता एकत्र सापडणे म्हणजे शोधणाऱ्याला घराचे आमंत्रणच देणे होय.

काकूंनी ज्या कारागिराला बोलावले ते साठीच्या पुढचे गृहस्थ बाजारात छत्रीखाली बसतात. छत्रीच्या काड्यांना कोऱ्या किल्ल्यांच्या माळा लटकलेल्या असतात आणि पुढ्यात लाकडी ठोकळ्यावर बसवलेला छोटा शिकंजा असतो. घराणे शिकलगारांचे. शस्त्रांना धार आणि झिलई देण्याचे काम संपल्यावर या समाजातील अनेक जण चाकू-कात्र्या, कुलुपे आणि किल्ल्या यांच्याकडे वळले. मिरजेत तर याच पिढीजात धातुकामातून दुसरीही एक वाट फुटली, कारण इथली सतार आणि तंबोरा घडवणारी सतारमेकर घराणीसुद्धा मूळची शिकलगारच. कानस धरणारा हात तारेकडे वळला काय आणि किल्लीकडे वळला काय, काम शेवटी केसाएवढ्या फरकाचेच राहिले.

त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली खरी, पण ती उघडण्याआधी घर कुणाचे आहे हे विचारले. मावशीकडे दाखवण्यासारखे काही नव्हते, कारण आधार कार्ड घरात, घरपट्टीची पावती कपाटात आणि विजेचे बिल बसमध्ये. मग काकूंनी आणि समोरच्या किराणा दुकानदाराने आपण यांना चाळीस वर्षे ओळखतो असे सांगितले, त्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक कारागिरांनी एका वहीत उतरवून घेतले आणि खाली मावशीची सही घेतली. आत गेल्यावर आधार कार्ड दाखवायचे, हेही ठरवून घेतले. मला हे त्या वेळी किंचित जाचक वाटले आणि मावशीला तर उघडउघड राग आला. मात्र साबणाच्या वडीवर उठवलेल्या छापावरून किल्ली मागणारेही त्यांच्या छत्रीखाली येतात आणि अशा गिऱ्हाइकाला ते सरळ परत पाठवतात, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ज्या माणसाला कोणतेही दार उघडता येते, त्याने कोणते दार उघडायचे नाही हे आधी ठरवलेले असणे गरजेचे आहे, हे मला दिवसभर त्यांच्याजवळ बसल्यावर पटले.

कोयंडा

बाहेरच्या कुलपाची किल्ली करता येईल का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी होकार दिला आणि लगेच ती करू नये असेही सांगितले. सात लिव्हरच्या कुलपाला दीड-दोन तास लागले असते, आणि एवढे करून जे कुलूप उघडले असते ते पत्त्यासह हरवलेल्या किल्लीचे, म्हणजे त्याच संध्याकाळी बदलण्याच्याच लायकीचे होते. तेव्हा ते काढून टाकणे हाच शहाणपणा होता. मी कुलपाची कडी कापण्याची वाट पाहत होते, पण त्यांनी कडीला हातही लावला नाही. कडी पोलादाची, वरून कडक केलेली. तिच्यावर करवतीचे पाते नुसते घसरते. कोयंडा मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या साध्या मऊ लोखंडाचा होता. एक्सो ब्लेडने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने, तो पाच मिनिटांत कापला गेला आणि कुलूप बंदच्या बंद खाली पडले.

दार उघडल्यावर मावशीच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता, पण ती कापलेल्या कोयंड्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे ती सात लिव्हरच्या भरवशावर तीर्थयात्रा करत होती. आपण कुलूप घेताना लिव्हर मोजतो आणि ते ज्यात अडकवायचे तो कोयंडा आजोबांच्या काळातला आहे हे बघत नाही, हा दोष आमच्याच घरापुरता नसावा.

लॅच

खरे काम चौकापलीकडच्या दाराशी सुरू झाले. या दाराला लॅच होते. ओढले की आपोआप बंद होणारे आणि बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारे. हे पिनांचे कुलूप. लाकडी पिना उचलून उघडणारी कुलुपे प्राचीन इजिप्तमध्येही होती, पण आज आपण ज्याला सिलिंडर म्हणतो ती आटोपशीर रचना आणि तिची चपटी किल्ली अमेरिकेतील लायनस येल ज्युनिअर यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केली.

सिलिंडरच्या आत पितळेचा एक गोल गाभा असतो आणि त्याच्या वरच्या अंगाला ओळीने पाच भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांना खाली रेटणारी एक बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या गाभ्यात आणि अर्ध्या बाहेरच्या कवचात अडकलेल्या असतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली प्रत्येक जोडीला अशा उंचीवर धरते की दोन पिनांमधली फट गाभ्याच्या कडेशी नेमकी जुळते. पाचही फटी एका रेषेत आल्या की गाभा फिरतो आणि दार उघडते.

आता गणित करून पाहू. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. या आकड्याकडे पाहिले तर हरवलेली किल्ली नव्याने घडवणे अशक्य वाटते. कारागिरांची पद्धत या आकड्याला वळसा घालते, कारण त्यात पाच पिनांचा अंदाज एकदम करायचा नसतो. कोऱ्या किल्लीवर एकही खाच नसल्यामुळे ती सगळ्या पिना पार वर उचलते. ती आत घालून फिरवण्याचा जोर दिला की पिना आपापल्या भोकांत आवळल्या जातात, आणि त्याच स्थितीत किल्ली किंचित वर-खाली हलवली की आवळलेली पीन मऊ पितळेवर आपला ठिपका उमटवते. जिथे ठिपका दिसेल तिथे कानशीचे दोन हलके हात मारायचे, किल्ली पुन्हा आत घालायची आणि पुन्हा बघायचे. एखादी पीन योग्य उंचीला आली की ती मोकळी होते आणि खूण द्यायचे थांबवते; त्या खाचेला मग हात लावायचा नाही. पाच पिनांना सहा उंच्या, म्हणजे वरून खाली येताना प्रत्येकीला जास्तीत जास्त पाच पायऱ्या. या हिशेबाने ७,७७६ चे काम २५ पायऱ्यांत बसते.

हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते. मी इतकेच पाहिले की त्यांनी किल्लीच्या भोकात डोकावून तिच्या बाजूच्या नाळ्या पाहिल्या, माळेतून एक कोरी किल्ली निवडली, तिची वरची कड बारीक कानशीने गुळगुळीत करून पॉलिश पेपरने घासली आणि ती एका पकडीत घट्ट धरली. कड चकचकीत हवी, कारण ठिपका मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असतो आणि कानशीचे ओरखडे राहिले तर त्यांत तो हरवतो. प्रत्येक वेळी किल्ली बाहेर काढली की ते तिला उजेडाकडे तिरपी धरत, भिंगातून बघत आणि अंगठ्याच्या नखाने एक जागा दाखवत. मला पहिल्या चार-पाच वेळा काहीच दिसले नाही. सहाव्या वेळी पितळेच्या कडेवर सुईने टोचल्यासारखी एक मंद चमक दिसली. “दात किल्लीला असतात असं लोक म्हणतात, ताई,” ते म्हणाले. “दात कुलपाला असतात. ते कुठं चावलं, तेवढंच आपण बघायचं.”

किल्ली आत घालण्याची बारावी वेळ असावी. पावसाची सर आली, चौकात पाणी उडू लागले आणि त्यांनी पकडीवर नेहमीपेक्षा थोडा अधिक जोर दिला. चुटकन आवाज झाला. किल्ली तिसऱ्या खाचेपाशी मोडून पुढचा तुकडा आत राहिला होता. खोल खाच म्हणजे किल्लीची सर्वांत बारीक कंबर, आणि पितळ मऊ असल्यामुळेच ते खूण घेते आणि मऊ असल्यामुळेच मोडते. स्वतःवर चिडून त्यांनी हातातला अर्धा तुकडा खिडकीत ठेवला, पाऊस थांबेपर्यंत चहा घेतला, मग नक्षीकामाच्या करवतीचे दोऱ्यासारखे पाते भोकात सारून त्याच्या दातांनी आतला तुकडा हळूहळू ओढून काढला. यात निम्मा तास गेला, पण आधीची मेहनत वाया गेली नाही. दोन्ही तुकडे शिकंज्यात नव्या कोऱ्या किल्लीला चिकटवून धरले आणि तोवरच्या खाचा तिच्यावर उतरवल्या. मोजल्याप्रमाणे एकोणिसाव्या खेपेला लॅच फिरले. मोडण्याचा खोळंबा वगळला तर चाळीसेक मिनिटे लागली असतील.

तारेने खटपट करून दार याहून लवकर उघडले नसते का, असे मी विचारले. उघडले असते, पण हातात किल्ली आली नसती, आणि सिलिंडर खोलून आतल्या पिना बदलायच्या तर गाभा फिरवायला हातात किल्ली असलेली सोयीची पडते, हे त्यांचे उत्तर होते. पिना बदलायचे त्यांनी कोयंडा कापतानाच मनात धरले होते.

कपाट

कपाट सांगलीच्या एका स्थानिक कारखान्यात काकांनी करवून घेतलेले आहे, तरी घरात त्याला गोदरेजच म्हणतात. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलुपांचा उद्योग १८९७ साली सुरू केला; पुढे त्यांच्या कंपनीच्या लोखंडी कपाटांनी लग्नाच्या रुखवतापासून सरकारी कचेरीपर्यंत अशी जागा पटकावली की नावच वस्तूला चिकटले. कपाटाची किल्ली हरवली तर पुष्कळ कारखाने किल्लीवर कोरलेल्या क्रमांकावरून दुसरी देऊ शकतात. अडचण एवढीच की तो क्रमांक उतरवून ठेवण्याची आठवण किल्ली हरवल्यावर होते.

कपाटाचे कुलूप लिव्हरचे. यात पिनांऐवजी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या सपाट पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीत एक खाच असते आणि कुलपाच्या सरकत्या जिभेवर एक खुंटी असते. किल्लीने सगळ्या पट्ट्या नेमक्या उचलल्या तरच खुंटी खाचांमधून पार जाते. पट्टी कमी उचलली तर जमत नाही, तशी जास्त उचलली तरीही जमत नाही, आणि ही दुहेरी अट इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये घातली. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी तिच्यात आणखी एक भर घातली: कुणी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली तर कुलूप अडकून बसायचे आणि मालकाला चुगली करायचे. त्या कुलपाचा दबदबा १८५१ पर्यंत टिकला. त्या वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात अमेरिकन कारागीर आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते साक्षीदारांसमक्ष उघडून दाखवले. मावशीच्या कपाटात अर्थात चुगलीखोर पट्टी नव्हती, साध्या सहा होत्या.

इथे कोऱ्या किल्लीवर पितळी चकाकीऐवजी काजळी वापरतात. किल्लीची पाती ज्योतीवर धरून काळी करायची, आत घालून फिरवण्याचा जोर द्यायचा आणि बाहेर काढून बघायचे. जी पट्टी अडली असेल तिने घासून काजळी पुसलेली असते, आणि काळ्या पात्यावर तेवढी एक रेघ उजळ दिसते. कारागिरांनी मेणबत्ती काढली, पण ओल्या हवेत ती फुरफुरत राहिली. तेव्हा मावशीने देवघरातली समई आणून पुढे ठेवली. तेलाच्या ज्योतीची काजळी अधिक दाट आणि एकसारखी बसते, हे तिला लहानपणी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलेले असल्यामुळे ठाऊक होते, आणि हा एक मुद्दा सोडला तर त्या दिवशी तिचे ज्ञान कारागिरांहून सरस ठरले नाही. पुढचा तासभर ती ज्योत सावरत होती आणि ते कानस चालवत होते. काळी करणे, घालणे, काढणे, दोन हात घासणे, पुन्हा काळी करणे. शेवटच्या दोन रेघा एकाच वेळी नाहीशा झाल्या आणि मूठ खाली गेली.

दार मात्र त्यांनी ओढले नाही. उठून चार पावले मागे गेले आणि मावशीला म्हणाले, “आजी, आता तुम्ही उघडा. मी हात लावत नाही.” वर्तमानपत्रांत अधूनमधून येणारी बातमी माझ्या डोळ्यांसमोर आली: किल्ली करून देण्याच्या बहाण्याने घरात आलेला माणूस कपाट उघडतो, घरच्यांना पाणी किंवा तेल आणायला आत पाठवतो, दागिने काढतो, दार पुन्हा बंद करून कुलूप अडकले आहे, उद्या येतो असे सांगून निघून जातो. त्या फसवणुकीचा सगळा डाव कपाटाजवळचे ते एक मिनिट एकट्याने मिळवण्यावर असतो. आमच्या कारागिरांनी तेच मिनिट स्वतःहून नाकारले. अशा प्रसंगी घरच्यांनी जागचे हलू नये हे खरे, पण चांगल्या कारागिराची ओळख त्याच्या कानशीइतकीच त्या चार पावलांवरून पटते असे मला वाटते.

आधार कार्ड दाखवून झाले. मग मावशीने चोरकप्प्यातून एक जुने पेढ्यांचे डबडे काढले आणि त्यात बाहेरच्या कुलपाची, लॅचची आणि कपाटाची, अशा तीनही दुसऱ्या किल्ल्या निघाल्या. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात. आम्ही तिघेही काही क्षण बोललो नाही.

या योगायोगामुळे एक गोष्ट मात्र जवळून पाहता आली. ठिपके बघत घडवलेली लॅचची किल्ली आणि कारखान्यातून आलेली मूळ किल्ली आम्ही शेजारी शेजारी धरल्या. खाचांची खोली डोळ्यांना सारखीच दिसत होती, पण आकार निराळा होता: मूळ किल्लीवर यंत्राने कापलेले सरळ उतार, हातच्या किल्लीवर कानशीच्या गोलाईचे उथळ खळगे. तिसरी खाच हातच्या किल्लीवर एका कागदाच्या जाडीइतकी कमी खोल होती. चूक कोणाची, असे मी विचारले. कारागिरांनी दोन्ही लॅचमध्ये फिरवून दाखवल्या. दोन्ही चालत होत्या आणि हातची अधिक सहज फिरत होती. डबड्यातली किल्ली कुलूप नवे असतानाची होती, आणि पंधरा-सोळा वर्षे रोजच्या वापराने पिनांची टोके झिजली होती. हातची किल्ली आजच्या पिनांवर बेतलेली होती.

आता मावशीने जे म्हटले ते बहुतेकांनी म्हटले असते. किल्ल्या मिळाल्या, तेव्हा पिना बदलायचा खर्च कशाला? डबड्यातल्या किल्लीमुळे आत जाण्याचा प्रश्न सुटला होता आणि बसमध्ये राहिलेल्या किल्लीचा प्रश्न जिथल्या तिथे होता, हे तिला समजावताना माझी निम्मी संध्याकाळ गेली. शेवटी विजेच्या बिलावरचा पत्ता आठवून ती तयार झाली.

कारागिरांनी लॅच उतरवले, किल्ली घालून गाभा थोडा फिरवला आणि त्याच जाडीची एक पितळी कांडी मागून सरकवत गाभा पुढे बाहेर ढकलला. कांडी आणि गाभा यांच्यात फट पडली असती तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा उडून चौकात गेल्या असत्या. गाभ्यातल्या पाच लहान पिना त्यांनी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, एका टोकाला निमुळत्या. त्यांतल्या तिघींच्या जागा आपसांत बदलल्या, दोन आपल्या डबीतून नव्या घेतल्या आणि सगळे पुन्हा बसवले. नवी किल्ली कानशीने करून तिच्या दोन नकला काढल्या. जुन्या दोन्ही किल्ल्या त्यानंतर भोकात पूर्ण आत जात होत्या, पण फिरत नव्हत्या.

कपाटाचे लिव्हर बदलले नाहीत. ते कुलूप आतून रिव्हेट मारून बसवलेले होते आणि त्यासाठी दाराचा पत्रा खोलावा लागला असता. बाहेरची दोन दारे नव्याने सुरक्षित झाल्यावर तिसऱ्यासाठी एवढी तोडफोड करू नये, असे त्यांचे मत पडले आणि आम्ही ते मानले. सगळ्या कामाचे त्यांनी १,४०० रुपये घेतले: लॅचच्या किल्लीचे ६००, पिनांचे आणि नकलांचे ३००, कपाटाचे ४०० आणि कोयंड्याचे १००. बाहेरच्या दाराला नवे कुलूप आणि जाड पट्टीचा नवा कोयंडा याचा खर्च वेगळा झाला.

लॉकर

तो दुसरा शनिवार असल्यामुळे बँक बंद होती, म्हणून लॉकरची किल्ली हरवल्याचे मावशीने सोमवारी लेखी कळवले. इथे आमच्या दोन प्रश्नांचे वजन उलटे होते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची; नोंदवहीत सही झाल्याशिवाय आत प्रवेश नसतो, त्यामुळे ज्याला ती सापडली त्याला तिचा काही उपयोग नव्हता. मावशीला मात्र स्वतःच्याच लॉकरपर्यंत पोहोचणे अवघड झाले होते. तिथे छत्रीखालच्या कारागिराला काजळी घेऊन बसता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार ग्राहकाने किल्ली हरवल्याचे ताबडतोब कळवायचे असते, ती पुढे सापडली तर बँकेकडे जमा करू असे हमीपत्र बँक घेऊ शकते, आणि लॉकर उघडणे, कुलूप बदलणे आणि नवी किल्ली देणे यांचा खर्च ग्राहकाकडून वसूल करता येतो. मावशीने हमीपत्र लिहून दिले. पुढच्या आठवड्यात बँकेने नेमलेल्या तंत्रज्ञाने तिच्या आणि अधिकाऱ्यांच्या समक्ष ड्रिल मारून कुलूप फोडले, नवे बसवले आणि नवी किल्ली तिच्या हातात दिली. फोडणे हेच तिथले शास्त्र आहे, कारण जुने कुलूप राहिले नाही म्हणजे जुन्या किल्लीची चिंताही राहत नाही.

एकोणिसावा दिवस

एकोणिसाव्या दिवशी बसस्थानकावरून फोन आला. पिशवी सापडली होती. नारळ कुणीतरी काढून टाकला होता, चष्म्याचे घर, बिल आणि जुडगा जसेच्या तसे होते. मी त्या वेळी पुण्यात होते. मावशीने फोनवरच चारही किल्ल्यांची परीक्षा घेतली आणि मला एकेक निकाल सांगत गेली. बाहेरच्या कुलपाची किल्ली चालली, पण ते कुलूप आता परसातल्या लाकडांच्या खोलीला लावलेले आहे, कारण चांगले कुलूप टाकून देणे तिच्या स्वभावात नाही. लॉकरची किल्ली तिने हमीपत्राप्रमाणे बँकेत जमा करायला पाकिटात घातली. लॅचची किल्ली आत गेली आणि फिरली नाही. कपाटाची फिरली.

“म्हणजे हे एक राहिलंच,” ती म्हणाली, आणि कारागिरांचा मोबाइल क्रमांक विचारला.